फिका काळा : छायाचित्रांच्या छपाईतील एका दोषाचा इतिहास

कृष्णधवल छायाचित्रांच्या छपाईतील सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट तक्रार काळ्याविषयीची आहे. निगेटिव्हमध्ये दोष दिसत नाही, कागदही ठीक वाटतो, पण प्रिंट सुकून उजेडात आला की जिथे गर्द सावली असायला हवी तिथे मळकट राखाडी किंवा तपकिरीकडे झुकणारी छटा आढळते आणि त्या एका उणिवेमुळे सबंध चित्राचा उठाव जातो. या दोषाचा इतिहास हा दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे होत जाण्याचा इतिहास आहे. एखादा कागद जास्तीत जास्त किती काळा होऊ शकतो हा पहिला प्रश्न, आणि हातातला प्रिंट त्या कमाल मर्यादेपर्यंत पोहोचला आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कागद तयार करणाऱ्याकडे असते, दुसऱ्याचे छपाई करणाऱ्याकडे. छायाचित्रणाच्या पहिल्या पन्नास वर्षांत हे दोन प्रश्न वेगळे करता येतील अशी मोजपट्टीच उपलब्ध नव्हती. आणि ती मिळाल्यानंतरही फिक्या काळ्यावर जे चुकीचे उपाय केले जात राहिले, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी याच दोहोंची गल्लत आहे.

विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने १८३९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत लिहिण्याचा चांगला कागद आधी मिठाच्या पाण्यात भिजवून त्यावर सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण दिले जाई. त्यामुळे कागदाच्या तंतूंमध्ये सिल्व्हर क्लोराइड तयार होई आणि उन्हात धरल्यावर ते आपोआप काळवंडे. दुसऱ्या कोणत्याही रसायनाच्या मदतीवाचून केवळ प्रकाशाने चित्र उमटवणारे असे कागद पुढे ‘प्रिंटिंग-आउट’ या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांतील काळ्याला जन्मतःच मर्यादा होत्या. चांदीचे कण अत्यंत सूक्ष्म असल्यामुळे ते सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच शोषत नसत, म्हणून छटा तांबूस-तपकिरी येई. आणि चित्र कागदाच्या पृष्ठभागावर नसून तंतूंच्या जाळ्यात रुतलेले असल्यामुळे खडबडीत पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाश सावलीवर सतत पसरलेला राही. शिवाय सावली जसजशी गडद होई तसतशी ती आपल्याच खालच्या थराकडे जाणारा प्रकाश अडवू लागे, त्यामुळे तिचा वेग मंदावे आणि उजळ भाग मागून येऊन तिला गाठू पाहत. हा गुण उग्र, म्हणजे उजेड-सावलीतील अंतर फार असलेल्या निगेटिव्हला मानवणारा होता. सौम्य निगेटिव्हवरून मात्र गर्द काळा मिळवणे जवळजवळ अशक्य होते. चित्र पक्के करण्यासाठी जॉन हर्शेल याने सुचवलेल्या हायपोमध्ये, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात, प्रिंट गेला की छटा आणखी हलकी होई. म्हणून जाणते कारागीर हवी त्यापेक्षा अधिक गडद छटा येईपर्यंत छपाईची चौकट उन्हात ठेवत.

फ्रान्समधील लील येथील लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार याचे नाव या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. १८५० मध्ये त्याने अल्ब्युमिन कागदाची, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाचा पातळ थर दिलेल्या कागदाची, पद्धत फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. या थरामुळे चित्र तंतूंमधून वर येऊन एका तुकतुकीत पापुद्र्यात बसले आणि सावल्यांना पूर्वी नसलेली खोली आली. सोन्याच्या क्षाराने टोनिंग केल्यावर, म्हणजे चांदीच्या कणांवर सोन्याचा अंश चढवल्यावर, तांबूसपणा जाऊन जांभळट-तपकिरी छटा मिळू लागली. पुढची चार दशके जगभरचे व्यावसायिक छायाचित्रण याच कागदावर चालले. ब्लांकार-एव्हरारचे दुसरे काम मात्र त्या मानाने उपेक्षित राहिले. १८५१ मध्ये त्याने उभारलेल्या छपाईखान्यात प्रिंट उन्हात पूर्ण काळे न करता थोडाच वेळ प्रकाशात धरून नंतर गॅलिक आम्लाने ‘डेव्हलप’ केले जात, म्हणजे प्रकाशाने केवळ सुरुवात केलेले काम रसायनाकडून पुरे करून घेतले जाई. मॅक्सिम द्यू काँ याच्या इजिप्त, न्यूबिया, पॅलेस्टाइन व सीरियाविषयीच्या १८५२ च्या ग्रंथातील १२५ छायाचित्रे येथेच छापली गेली आणि त्यांचा थंड, करडा-काळा वर्ण त्या काळच्या तपकिरी प्रिंटांपेक्षा अगदी निराळा आहे. डेव्हलप केलेल्या चांदीचे कण गुंतवळासारख्या तंतूंच्या रूपात वाढतात आणि दृश्य प्रकाशातील जवळजवळ सगळे रंग सारखेच शोषतात, हे त्यामागचे कारण पुष्कळ उशिरा समजले. विसाव्या शतकातील काळ्याचे बीज लीलमध्ये पडले होते असे म्हणणे न्याय्य ठरेल. पण तो छपाईखाना १८५५ च्या सुमारास बंद झाला आणि ग्राहकांची पसंती तपकिरीकडेच राहिली.

याच सुमारास काळ्याचा आणखी एक शत्रू पुढे आला, तो म्हणजे काळ. छापताना गर्द वाटलेला प्रिंट काही वर्षांतच पिवळट पडे. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये यासाठी एक समिती नेमली, तिला राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याने पन्नास पौंड दिले, आणि कागदात उरलेला हायपो, हवेतील गंधकयुक्त वायू व ओलावा या कारणांकडे समितीने बोट दाखवले. ओलाव्याची ही गोष्ट मुंबईला विशेष लागू पडणारी होती. तेथे १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली होती, १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला होता, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखी मंडळी या नव्या विद्येत पुढे आली होती. उन्हावर चालणाऱ्या छपाईला मुंबईचे आठ महिने अनुकूल आणि पावसाळ्याचे चार महिने दोन्ही अंगांनी प्रतिकूल होते, कारण त्या दिवसांत छापायला ऊन पुरत नसे आणि छापून झालेल्या प्रिंटांना दमट हवा ग्रासत असे.

दोन प्रश्न सुटे करणारी मोजपट्टी १८९० मध्ये मिळाली. इंग्लंडमधील विडनेस या रसायन-कारखान्यांच्या गावी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ फर्डिनांड हर्टर आणि अभियंता व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड यांनी काचेच्या निगेटिव्हवर पडलेला प्रकाश आणि त्यातून उमटलेला काळेपणा यांचे नाते मोजून त्याचा आलेख काढला. काळेपणा मोजण्यासाठी त्यांनी घनता ही कल्पना लॉगॅरिदमच्या परिमाणात मांडली. ती कागदाला लावायची तर, त्यावर पडलेल्या प्रकाशाचा दहावा भाग परत येत असेल तर घनता १, शंभरावा भाग येत असेल तर २. आलेखाला तीन भाग होते. प्रारंभी पायथ्याशी काळेपणा हळूहळू वाढतो, मधल्या सरळ चढावर प्रकाशाच्या लॉगॅरिदमच्या प्रमाणात नियमित वाढतो, आणि वरच्या खांद्यावर तो मंदावत शेवटी आडवा होतो. आडव्या भागापलीकडे कितीही प्रकाश दिला तरी काळेपणा वाढत नाही. निसर्गवादी छायाचित्रणाचा पुरस्कर्ता पी. एच. इमर्सन याला या संशोधनाचा असा धक्का बसला की डेव्हलप करताना छटांचे परस्परसंबंध आपल्या मर्जीने बदलता येतात हा स्वतःचा सिद्धान्त त्याने थोड्याच काळात काळ्या चौकटीच्या पुस्तिकेतून जाहीरपणे मागे घेतला. त्या वादाची आठवण कलेतिहासात राहिली. छपाईच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट ही की, आता खांद्याची उंची आणि खांद्यापर्यंतची चाल यांना वेगवेगळी नावे देता येऊ लागली.

खांद्याची उंची वाढवण्याचे काम त्याच दशकात कागदाने केले. जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार धरून ठेवण्याची रिचर्ड लीच मॅडॉक्स याची १८७१ ची कल्पना काचेवरून कागदावर आली आणि कागद व जिलेटिन यांच्यामध्ये बॅराइटाचा, म्हणजे जिलेटिनमध्ये कालवलेल्या बेरियम सल्फेटच्या शुभ्र भुकटीचा, थर देण्याची पद्धत रूढ झाली. या थराने तंतूंचा खडबडीतपणा झाकला गेला, पांढरा अधिक पांढरा झाला, आणि गुळगुळीत पृष्ठभाग मिळाल्यामुळे काळाही अधिक काळा झाला. यातील शेवटचा मुद्दा सहज पटणारा नाही, म्हणून तो थोडा उलगडणे आवश्यक आहे. प्रिंटवर पडलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग जिलेटिनमधून आत जाऊन चांदीत शोषला जातो, पण थोडासा भाग आत न शिरताच वरच्यावर परततो. चकचकीत कागदावर हा परतलेला प्रकाश एकाच दिशेला जातो आणि पाहणारा आपला डोळा किंवा प्रिंट किंचित वळवून तो टाळू शकतो. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या कागदावर तो सर्व दिशांना विखुरतो आणि टाळता येत नाही. चकचकीत बॅराइटा कागदाची कमाल घनता २ किंवा त्याहून थोडी अधिक जाते, म्हणजे शंभरातला जेमतेम एक भाग प्रकाश परत येतो, तर मॅट कागद १.६ च्या आसपास थांबतो, म्हणजे अडीच भाग परत येतो. दोन्हीतील चांदी सारखीच असू शकते. मॅट कागदावर चकचकीत कागदाचा काळा शोधणारा छपाई करणारा म्हणूनच नसलेल्या दोषावर उपाय करत बसतो.

काळ्याची कमाल खोली हेच प्रिंटचे एकमेव मूल्य नव्हे, याचा सर्वांत चांगला पुरावा प्लॅटिनम प्रिंट देतो. विल्यम विलिस याने १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत प्लॅटिनम धातू थेट कागदाच्या तंतूंमध्ये उतरतो; पृष्ठभाग मॅट असल्यामुळे मोजमापात त्याचा काळा चकचकीत कागदापुढे कमीच भरतो, पण सावल्यांमधील बारीक छटा तो अशा जपतो की फ्रेडरिक एच. इव्हान्स याच्या कॅथेड्रलांच्या चित्रांतील अंधारही वाचता येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम दुर्मीळ आणि महाग झाले तेव्हा इव्हान्सने छायाचित्रणच सोडले.

चांदीचा कागद मात्र टिकला आणि त्याबरोबर छपाईची सूत्रे उन्हाकडून डेव्हलपरच्या ट्रेकडे आली. लिओ बेकलँडच्या ‘व्हेलॉक्स’ या १८९३ च्या मंदगती कागदावर घरच्या गॅसच्या दिव्याने छपाई करता येई, म्हणून अशा कागदांना ‘गॅसलाइट’ कागद म्हणत. ब्रोमाइड कागद त्याहून पुष्कळ वेगवान असल्यामुळे एन्लार्जरखाली मोठ्या आकाराचे प्रिंट काढता येऊ लागले, आणि महाराष्ट्रातील घराघरांत भिंतीवर लागलेली पूर्वजांची मोठी चित्रे ही या ब्रोमाइड एन्लार्जमेंटचीच देणगी आहे. या चित्रांत फिका राहिलेला काळा स्टुडिओतील फिनिशिंग करणारा कलावंत ब्रशने भरून काढीत असे, आणि अनेकदा काळा कोट, टोपी किंवा मिशी ही जितकी चांदीची तितकीच रंगाचीही असे.

कागदाच्या डेव्हलपरचे रसायन समजून घेतल्याखेरीज फिक्या काळ्याची चिकित्सा होत नाही. विल्यम अ‍ॅबनी याने १८८० मध्ये हायड्रोक्विनोनचा उपयोग दाखवला आणि १८९१ मध्ये मेटॉल बाजारात आले. या दोघांची जोडी पुढे जवळजवळ सर्व कागदी डेव्हलपरांचा पाया बनली. मेटॉल चित्र लवकर उमटवते पण एकटे असताना मऊ, करडे काम करते. हायड्रोक्विनोन थकलेल्या मेटॉलला पुन्हा कामाला लावते आणि सावल्यांत घनता भरते, त्यामुळे दोघांचे एकत्रित काम त्यांच्या वेगवेगळ्या कामांच्या बेरजेपेक्षा अधिक होते. यातूनच या दोषाचे एक नेमके कारण हाती लागते. द्रावण सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हायड्रोक्विनोन जवळपास निष्क्रिय होते, मेटॉल तेवढे चालू राहते, आणि चित्र दिसायला पूर्ण पण काळ्यावाचून तयार होते. थंड देशांतील तळघरांत हा अनुभव नित्याचा होता. भारतात अडचण उलट दिशेने आली. उन्हाळ्यात द्रावण शिफारस केलेल्या २० अंशांच्या कितीतरी वर जाई, चित्र काही क्षणांत झपाट्याने वर येई, आणि ते फार काळे होईल या धास्तीने प्रिंट वेळेआधीच उचलला जाई. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवण्याची रीत यासाठीच होती. बर्फ थेट द्रावणात टाकला तर ते पातळ होऊन तोच दोष दुसऱ्या वाटेने परत येतो.

वेळेआधी उचलणे हे सर्वांत सामान्य कारण आहे आणि त्याच्याविषयी ठामपणे बोलणे योग्य आहे. फायबर कागदाला, म्हणजे बॅराइटा दिलेल्या पारंपरिक कागदाला, नेहमीच्या प्रमाणात पातळ केलेल्या डेव्हलपरमध्ये दोन ते तीन मिनिटे लागतात. उजळ आणि मधल्या छटा पहिल्या मिनिटात दिसू लागतात, पण सावलीतली शेवटची घनता अखेरच्या टप्प्यात भरते. लाल दिव्याच्या मंद उजेडात प्रत्येक प्रिंट प्रत्यक्षापेक्षा गडद वाटतो. म्हणून प्रकाश जास्त दिलेला प्रिंट चाळीस सेकंदांत बाहेर काढून ‘वाचवला’ जातो, आणि त्याच्या वाट्याला ठिपकेदार, तपकिरी, अपुरा काळा येतो. प्रकाश कमी करून प्रिंट पूर्ण वेळ डेव्हलप करणे हाच त्यावर खरा उपाय आहे. वापरून थकलेल्या द्रावणातही असेच घडते, कारण प्रत्येक प्रिंटमधून सुटलेला ब्रोमाइड द्रावणात साठून त्याची गती अडवत राहतो. चिमट्याबरोबर स्टॉप बाथचे, म्हणजे डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणाचे, आम्ल डेव्हलपरमध्ये गेले तर त्याची अल्कता कमी होऊन परिणाम पुन्हा तोच.

पण डेव्हलपर ताजा, तापमान बरोबर आणि वेळ पूर्ण असूनही काळा फिका राहतो तेव्हा कारण बहुधा काळ्यात नसून पांढऱ्यात असते. छपाई करणारा प्रकाशाचा वेळ उजळ भागांवरून ठरवतो, म्हणजे चेहऱ्याची किंवा ढगाची छटा बरोबर आली की तो थांबतो. निगेटिव्ह सौम्य असेल आणि कागदाची ग्रेड, म्हणजे छटांमधील अंतर किती तीव्र उमटेल हे सांगणारा क्रमांक, त्याला साजेशी नसेल, तर उजळ भाग योग्य जागी येईपर्यंत सावली आलेखाच्या खांद्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. अशा वेळी वेळ वाढवला तर चेहरा मळतो, डेव्हलपर तीव्र केला तर फारसे काही हाती लागत नाही. कठोर ग्रेड घेणे एवढाच मार्ग उरतो. इल्फर्ड कंपनीने १९४० मध्ये आणलेल्या ‘मल्टिग्रेड’ कागदाने हा मार्ग सोपा केला. त्यात निळ्या प्रकाशाला तीव्र आणि हिरव्या प्रकाशाला सौम्य प्रतिसाद मिळतो, त्यामुळे फिल्टर बदलून एकाच खोक्यातील कागदाची ग्रेड बदलता येते. त्याबरोबर एक नवा धोकाही आला. हे कागद हिरव्या प्रकाशालाही जागे असल्यामुळे जुन्या पिवळट-हिरव्या सेफलाइटखाली त्यांवर हलका धुरकटपणा, म्हणजे फॉग, चढतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका नसला तरी उजळ भागांत भर घालतो, छपाई करणारा नकळत वेळ कमी करतो, आणि दिव्याचा दोष काळ्याच्या माथी येतो. एन्लार्जरच्या भिंगावरील धूळ आणि भटका प्रकाश यांचेही काम असेच चालते.

पांढऱ्या-काळ्याचा हा संबंध उलट दिशेने वापरणारा कारागीर म्हणजे छायाचित्रकार डब्ल्यू. यूजीन स्मिथ. त्याच्या चित्रांतील दाट अंधार प्रसिद्ध आहे. तो आधी प्रिंट गडद छापत असे आणि मग पोटॅशियम फेरीसायनाइडच्या द्रावणाने चेहरे, हात, कपड्यांच्या कडा हव्या तेवढ्या उजळत असे. काळा कागदाच्या कमाल मर्यादेवर आधीच पोहोचलेला असल्यामुळे त्याला धक्का लागत नसे, आणि शेजारचा पांढरा उजळल्यामुळे तोच काळा अधिक खोल भासे.

ट्रेमधून बाहेर आल्यावरही काळ्याची परीक्षा संपत नाही. ओल्या प्रिंटवर पाण्याचा सपाट पापुद्रा असतो आणि तो मॅट कागदालाही तात्पुरता चकचकीत करतो. सुकल्यावर तो जातो, काळा उतरतो, आणि फायबर कागदावर उजळ छटा मात्र किंचित गडद होतात. दोन्ही टोके एकमेकांकडे सरकल्यामुळे चित्र बसते. चकचकीत फायबर कागद क्रोमियमचा मुलामा दिलेल्या तबकडीवर दाबून सुकवण्याची पद्धत यावर तोडगा म्हणून रूढ होती. सेलेनियमच्या टोनिंगने कमाल घनता थोडी वाढते आणि छटेतली हिरवट झाक गेल्याने काळा थंड व निश्चयी दिसतो. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने ही रीत मोठ्या प्रमाणात वापरली. मात्र अपुऱ्या डेव्हलप झालेल्या प्रिंटला सेलेनियम वाचवू शकत नाही.

१९७० च्या दशकात प्लास्टिकचा लेप असलेले आरसी कागद पसरले आणि जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला सुमारे ५० डॉलरपर्यंत चढला, तेव्हा कंपन्यांनी कागदातली चांदी कमी केल्यामुळे काळा मेला अशी समजूत छपाई करणाऱ्यांमध्ये घट्ट झाली. चांदी अगदी कमी केली तर काळा पडतो यात शंका नाही. परंतु पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश हीच वरची मर्यादा असल्यामुळे ठरावीक प्रमाणापलीकडे चांदी दुप्पट केली तरी घनतेत नगण्य फरक पडतो. आवडता कागद बंद होण्याचे दुःख मात्र खरे होते. भारतात उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद आता मिळत नाही, कोडॅकने २००५ मध्ये कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवले, आणि आज डार्करूममध्ये काम करणारे अनेकजण वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या खोक्यांतला कागद वापरतात, ज्यात वयामुळे फॉग चढलेला व तीव्रता घटलेली असते.

अशा कागदाची आणि खरे तर कोणत्याही कागदाची परीक्षा दोन पट्ट्यांनी होते. एक पट्टी खोलीच्या पांढऱ्या दिव्याखाली काही सेकंद धरून आणि दुसरी अजिबात प्रकाश न दाखवता, दोन्ही ताज्या डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ ठेवून, हायपो देऊन, धुऊन सुकवायच्या. पहिली त्या कागदाचा कमाल काळा दाखवते, दुसरी त्याचा खरा पांढरा. दुसरी राखाडी आली तर कागद किंवा सेफलाइट संशयास्पद. पहिलीच फिकी आली तर डेव्हलपर बदलून पाहायचा आणि तरीही फरक पडला नाही तर तो त्या कागदाचा पृष्ठभाग किंवा त्याचे वय आहे असे समजायचे. दोन्ही चोख असून प्रिंटच फिका असेल तर वेळ आणि ग्रेड तपासायची. झोन सिस्टिम, म्हणजे छटांचे टप्पे ठरवून त्यानुसार एक्स्पोजर व डेव्हलपिंग नेमण्याची पद्धत, मानणाऱ्या अमेरिकन शिक्षकांनी याला एक जोड दिली. फिल्मच्या कोऱ्या, प्रतिमा नसलेल्या कडेतून प्रकाश देत कागद आपल्या कमाल काळ्यापर्यंत कमीत कमी किती सेकंदांत पोहोचतो हे शोधायचे आणि तोच वेळ देऊन सगळ्या निगेटिव्हचे कॉन्टॅक्ट प्रिंट काढायचे. त्या वेळेला चेहरे काळवंडलेले आले तर फिल्मला कॅमेऱ्यात प्रकाश कमी मिळाला आहे किंवा ती पुरेशी डेव्हलप झालेली नाही, आणि मग डार्करूममधले द्रावण बदलण्याऐवजी पुढच्या रोलचा एक्स्पोजर किंवा डेव्हलपिंग वाढवणे हेच काम उरते.